गाझाची बातमी बडोद्यात पोहोचेपर्यंत: कोणती सेवा किती भरवशाची

रेटिंगचे तारे बघून अ‍ॅप उतरवायची सवय हवामानाच्या अ‍ॅपला चालते, इस्रायल-पॅलेस्टाईनच्या बातम्यांना चालत नाही. याचे कारण जुने आहे आणि मोजलेलेही आहे. १९८२ साली बैरूतच्या सब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झाले. अमेरिकी वाहिन्यांनी त्याच्या दिलेल्या बातम्यांचे तेच तुकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १४४ जणांना दाखवले आणि निष्कर्ष १९८५ मध्ये छापले. इस्रायलच्या बाजूच्या प्रेक्षकांना त्या बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या. अरबांच्या बाजूच्यांना त्याच बातम्या इस्रायलधार्जिण्या वाटल्या. ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. एकाच वाहिनीखाली एक तारा आणि पाच तारे शेजारी शेजारी दिसतात ते यामुळे, आणि देणारे दोघेही मनापासून देतात. पक्षपात असतो, पण तो पकडायचा तर बातमीचे एकेक वाक्य तपासावे लागते. कर्ता कोण, दावा कोणाचा, गोष्ट कुठल्या दिवसापासून सुरू केली, आणि चूक उघड झाल्यावर सेवेने काय केले. पुढची पारख याच कसोट्यांवर केली आहे.

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ इथल्या मराठी घरांत ही बातमी गुजराती दैनिकातून, फोनवरच्या मराठी दैनिकातून, हिंदी वाहिन्यांवरून आणि व्हॉट्सॲपवरून येते. यांतल्या कुणाचाही माणूस गाझात नसतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातल्या सत्ताधारी हमास या सशस्त्र संघटनेने इस्रायलवर हल्ला केला. त्यानंतर इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जायला बंदी केली आणि ती युद्धाची दोन वर्षे टिकली. सैन्य स्वतःबरोबर नेते तेव्हा चित्रीकरण आधी सैन्याला दाखवण्याची अट असते. जेरुसलेमच्या परदेशी पत्रकारांच्या संघटनेला यासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यामुळे आतून येणारी जवळजवळ प्रत्येक ओळ एपी, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांसाठी किंवा अल जझीरा या वाहिनीसाठी काम करणाऱ्या गाझातल्याच पत्रकारांची असते. पत्रकार संरक्षण समिती १९९२ पासून पत्रकारांच्या मृत्यूंची नोंद ठेवते. तिच्या नोंदींत पत्रकारांसाठी इतके प्राणघातक युद्ध दुसरे नाही. पुढे ती ओळ आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संपादकाकडे, तिथून पीटीआयसारख्या भारतीय संस्थेकडे आणि मग मराठी किंवा गुजराती डेस्कवर जाते. इंग्रजी दैनिकांत बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी एपी, रॉयटर्स असे श्रेय सापडते. आपल्या भाषांत ते बहुधा ‘वृत्तसंस्था’ एवढेच उरते. तिथेच वाचकाच्या हातातली दोरी सुटते.

या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा घराजवळचाच आहे, तो म्हणजे भाषांतर. रॉयटर्सच्या बातमीची धाटणी साधारण अशी असते: गाझातल्या खान युनिस शहरावरच्या इस्रायली हल्ल्यात इतके जण ठार झाले असे गाझाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले, आपण हमासच्या कमांडरला लक्ष्य केले असे इस्रायली सैन्याचे म्हणणे आहे. दोन दावे, दोन मालक. मथळ्यात मात्र जागा चार-पाच शब्दांची. मग एकीकडे ‘गाझात पुन्हा नरसंहार’ छापले जाते, दुसरीकडे ‘हमासच्या कमांडरचा खात्मा’. दोन्ही मथळे एकाच बातमीतून निघतात आणि दोघांतूनही ‘असे म्हणणे आहे’ गळून पडते.

क्रियापदे तर आपल्याकडे फारच बोलकी आहेत. ‘खात्मा’, ‘कंठस्नान’, ‘यमसदनी धाडले’ हे शब्द मेलेला माणूस अतिरेकीच होता हे परस्पर ठरवून टाकतात. ‘शहीद’ आणि ‘हुतात्मा’ उलट बाजूने तेच करतात. ‘मृत्युमुखी पडले’ वाचले की एसटी दरीत कोसळल्यासारखे वाटते आणि मारणारा वाक्यातून नाहीसा होतो. हा दोष इंग्रजीतही आहे. ‘द इंटरसेप्ट’ या अमेरिकी संकेतस्थळाने जानेवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट आणि लॉस एंजेलिस टाइम्स यांच्या बातम्या मोजल्या. ‘कत्तल’ या अर्थाचा इंग्रजी शब्द इस्रायली मृत्यूंसाठी आणि पॅलेस्टिनी मृत्यूंसाठी ६० ला १ या प्रमाणात आला होता. यावर आक्षेप असा, की ७ ऑक्टोबरला घराघरांत शिरून समोरासमोर मारले गेले आणि विमानातून पडणारा बॉम्ब वेगळ्या शब्दाने सांगितला जाणारच. आक्षेप काही अंशी खरा आहे. साठास एक एवढी दरी मात्र त्याने भरत नाही. मराठीत ‘ठार’ हा शब्द पुरेसा आहे. मारणारा माहीत असेल तर ‘ठार केले’, नसेल तर ‘ठार झाले’, आणि दोन्हींपुढे सांगणाऱ्याचे नाव. जी सेवा एवढे पाळते तिला माझ्याकडून अर्धे गुण तिथेच मिळतात.

आता त्या शब्दांकडे येतो जे मराठी वाचकाला सरळ चुकीच्या जागी नेऊन सोडतात. ‘वेस्ट बँक’चे ‘पश्चिम किनारपट्टी’ होते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो. तो जॉर्डन नदीचा पश्चिम तीर आहे. किनारपट्टी आहे ती गाझाला. ‘सेटलर’ला ‘स्थायिक’ म्हटले की अर्थच उलटतो, कारण आपल्या कानाला स्थायिक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा. इथे तो १९६७ मध्ये व्यापलेल्या भूमीवर नंतर वसवलेला आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लागारी मतात या वसाहती बेकायदा ठरवल्या. इस्रायलला ते मान्य नाही. ‘वसाहतकरी’ हा शब्द ओबडधोबड असेल, पण फसवत नाही. इस्रायली ‘ओलीस’ आणि पॅलेस्टिनी ‘कैदी’ ही जोडी नेहमीची झाली आहे. त्या कैद्यांत खुनाबद्दल शिक्षा झालेले आहेत, तसेच आरोपपत्राशिवाय डांबलेलेही आहेत. या डांबलेल्यांसाठी मराठीत आणीबाणीपासून घरोघरी माहीत असलेला शब्द आहे, स्थानबद्ध. तो वापरणारी बातमी क्वचित दिसते.

सर्वांत जास्त खटकतो तो ‘दुष्काळ’. उपासमारीची वर्गवारी ठरवणाऱ्या आयपीसी या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा प्रांतात ‘फॅमिन’ असल्याचे जाहीर केले. हा प्रांत म्हणजे गाझा शहर आणि आसपासचा भाग. देर अल-बलाह आणि खान युनिस इथे सप्टेंबरअखेर तीच पातळी गाठली जाईल असा अंदाज दिला. इस्रायलने अहवाल फेटाळला. मराठीत याचे ‘गाझा पट्टीत दुष्काळ’ केले की दोन चुका एकदम होतात. प्रांत आणि संपूर्ण पट्टी एकच झाली. शिवाय दुष्काळ म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो, आटलेल्या विहिरी आठवतात. इथे वाद पावसाचा नव्हता. अन्नाचे ट्रक कोणी अडवले, किती आत सोडले, आत गेल्यावर कुठे गेले, हा होता. ‘उपासमार’ म्हटले तर तो प्रश्न जिवंत राहतो.

न्यायालयाच्या भाषेतही अशीच गफलत झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ रोजी इस्रायलवर नरसंहाराचा आरोप करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या अर्जावर अंतरिम आदेश दिले. ‘नरसंहार सकृद्दर्शनी मान्य’ अशा बातम्या जगभर आल्या. त्या वेळच्या अध्यक्ष न्यायाधीश जोन डोनोह्यू यांनी एप्रिल २०२४ मध्ये बीबीसीला स्पष्ट सांगितले की नरसंहारापासून संरक्षण मिळण्याचा पॅलेस्टिनींचा हक्क न्यायालयाने सकृद्दर्शनी मान्य केला होता. नरसंहार होतो आहे की नाही यावर मत दिले नव्हते. याच आदेशात इस्रायलला नरसंहारी कृत्ये रोखण्याची आणि मदत आत जाऊ देण्याची बंधने घातली होती. ‘न्यायालयाने युद्ध थांबवायला नकार दिला’ एवढेच सांगणाऱ्या बातम्यांनी ती गाळली.

या पार्श्वभूमीवर मराठीत रोज वाचायला बीबीसी मराठी ही माझी पहिली निवड आहे. ती बिनचूक आहे म्हणून निवडलेली नाही. तिची चूक शोधता येते, हे खरे कारण. मराठी आणि गुजराती या दोन्ही सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाल्या. एप्रिल २०२४ पासून त्या ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ ही भारतीय कंपनी चालवते. दोन्ही फुकट आहेत. बडोद्याच्या वाचकाकडे इथे एक साधन आहे जे पुण्याच्या वाचकाकडे नाही: त्याला गुजराती वाचता येते. एकाच घटनेची मराठी आणि गुजराती बातमी शेजारी उघडावी आणि मूळ इंग्रजी तिसऱ्या खिडकीत ठेवावी. मराठीत ‘ठार केले’ आणि गुजरातीत ‘मार्या गया’ असेल तर तो फरक डेस्कवर पडला. दोन्हींत सारखा कल असेल तर तो इंग्रजीतूनच आलेला आहे. दहा मिनिटांचे काम आहे आणि महिन्यातून दोनदा केले तरी नजर तयार होते.

बीबीसी स्वतःच्या तोंडून हमासला दहशतवादी म्हणत नाही. ब्रिटन सरकारने तसे घोषित केले आहे, असे सांगते. यावर इस्रायलच्या बाजूचा राग आहे. ती गाझाच्या मृतांच्या आकड्यापुढे ‘हमासच्या अखत्यारीतले आरोग्य मंत्रालय’ असे लावते. यावर पॅलेस्टिनींच्या बाजूचा राग आहे. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे, बोलणाऱ्याचे नाव सांगणे, आणि तो मला योग्य वाटतो. दुखणी वेगळीच आहेत. २००६ मध्ये सर क्वेंटिन थॉमस यांच्या स्वतंत्र समितीला हेतुपुरस्सर पक्षपात आढळला नाही, पण वार्तांकन अपुरे आणि त्या अर्थाने दिशाभूल करणारे आढळले. एक बाजू ताबा असलेली आणि दुसरी ताब्याखालची, ही विषमता प्रेक्षकापर्यंत पोहोचत नव्हती. त्याआधी २००४ मध्ये माल्कम बॅलन यांनी याच वार्तांकनावर केलेला अंतर्गत अहवाल बीबीसीने कधीच प्रसिद्ध केला नाही. तो मागणाऱ्याविरुद्ध २०१२ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गाझातल्या मुलांवरचा एक माहितीपट मागे घ्यावा लागला, कारण निवेदन करणारा १३ वर्षांचा मुलगा हमासच्या सरकारातल्या उपकृषिमंत्र्याचा होता आणि प्रेक्षकांना ते सांगितलेच नव्हते. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याला गंभीर दिशाभूल ठरवले. त्याच वर्षी गाझाच्या डॉक्टरांवरचा दुसरा माहितीपट बीबीसीने दाखवायचा टाळला आणि तो चॅनल ४ ने दाखवला. एक चूक एका बाजूची, दुसरी दुसऱ्या बाजूची. त्यांची बेरीज शून्य धरून बीबीसीला सोडून देणे मला पटत नाही.

कुठल्याही सेवेचा कस बघायचा असेल तर १७ ऑक्टोबर २०२३ ची रात्र घ्यावी. गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला तेव्हा तिथे संध्याकाळचे सात वाजत होते, बडोद्यात साडेनऊ. इस्रायलच्या हल्ल्यात ५०० ठार, असे गाझाच्या मंत्रालयाने सांगितले. न्यूयॉर्क टाइम्सने मथळ्यात इस्रायली हल्ला म्हटले आणि शेवटी ‘असे पॅलेस्टिनी म्हणतात’ जोडले. बीबीसीच्या वार्ताहराने थेट प्रक्षेपणात इस्रायलखेरीज दुसरे कोण असू शकेल अशा अर्थाचा अंदाज केला. इस्लामिक जिहाद या गाझातल्या दुसऱ्या सशस्त्र गटाचे भरकटलेले रॉकेट, असे इस्रायलने सांगितले. अमेरिकी गुप्तचरांचा मृतांचा अंदाज १०० ते ३०० चा होता, मंत्रालयाचा नंतरचा आकडा ४७१. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने नोव्हेंबरमध्ये पुरावे भरकटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवतात असे म्हटले. टाइम्सने २३ ऑक्टोबरला संपादकीय टिपणात कबूल केले की सुरुवातीच्या बातम्या हमासच्या दाव्यावर फार विसंबल्या. बीबीसीनेही तो अंदाज चूक होता असे मान्य केले. गोष्ट इथे संपत नाही. इस्रायली आणि अमेरिकी अधिकारी पुरावा म्हणून जी चित्रफीत दाखवत होते तिच्यातले क्षेपणास्त्र रुग्णालयावर पडलेच नव्हते, हे टाइम्सच्याच तपासात निघाले. रात्री साडेनऊची घटना आपल्या दैनिकांत पान बंद व्हायच्या घाईत येते. पहिला दावा पहिल्या पानावर जातो आणि दुरुस्ती आली तर आतल्या पानावर दोन ओळींत. म्हणून पहिल्या सहा तासांतला मृतांचा आकडा आणि हल्लेखोराचे नाव पुढे न पाठवणे एवढे पथ्य कुणीही पाळू शकतो.

अल जझीराची इंग्रजी सेवा गाझाच्या आतल्या चित्रांसाठी दुसऱ्या कुठल्याही सेवेपेक्षा पुढे आहे आणि फुकट आहे. तिचे लोक तिथे आहेत आणि त्यांचे जीव जात आहेत. तिच्या वार्ताहर शिरीन अबू अकलेह ११ मे २०२२ रोजी वेस्ट बँकेतल्या जेनिनमध्ये मारल्या गेल्या. अनस अल-शरीफ १० ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहरात मारले गेले. ते हमासचे होते असे इस्रायलने म्हटले, वाहिनीने ते नाकारले. इस्रायलने मे २०२४ मध्ये वाहिनी बंद केली, आणि वेस्ट बँकेचा काही भाग चालवणाऱ्या पॅलेस्टिनी प्राधिकरणानेही १ जानेवारी २०२५ ला तिच्यावर स्थगिती आणली. दोन्ही सरकारांना ती सहन झाली नाही, हे तिच्या बाजूने जाते. पण पैसा कतारचा आहे. कतारमध्ये हमासचे राजकीय कार्यालय आहे आणि कतार मध्यस्थही आहे. हमासच्या आतल्या दडपशाहीवर आणि ७ ऑक्टोबरच्या बळींवर ही वाहिनी त्या मानाने फार थोडा वेळ थांबते. तिथे पाहायचे ते चित्र. निष्कर्षासाठी दुसरीकडे जावे.

इस्रायली बाजू इस्रायली माध्यमांतच वाचावी, हिंदी वाहिनीवर नव्हे. ‘टाइम्स ऑफ इस्रायल’चे क्षणोक्षणीचे वृत्त फुकट आहे आणि वेळेच्या नोंदीसह येते. गाझाच्या आकड्यापुढे तिथे एक ठराविक ओळ असते की आकडा तपासता येत नाही आणि त्यात लढणारे व नागरिक वेगळे केलेले नाहीत. ओळ बरोबर आहे. तेवढीच काटेकोर ओळ सैन्याने सांगितलेल्या ‘ठार अतिरेक्यां’च्या आकड्यापुढेही नेहमी असायला हवी. ‘हाआरेत्झ’ पैसे मागते. घरातल्या चौघांत मिळून घेण्याजोगे आहे, कारण स्वतःच्या सैन्याबद्दल इतके कठोर तिथे दुसरे दैनिक नाही. गाझातल्या मदत केंद्रांजवळच्या जमावावर गोळीबाराचे आदेश असल्याचे सैनिकांनी सांगितल्याची २७ जून २०२५ ची बातमी त्यांचीच. नेतन्याहूंनी ती खोटी म्हटले. इस्रायल सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये या दैनिकाच्या सरकारी जाहिराती थांबवल्या.

‘ग्राउंड न्यूज’ या पैसे घेणाऱ्या अ‍ॅपची जाहिरात यूट्यूबवर सारखी दिसते. एकाच घटनेच्या बातम्या डाव्या, मधल्या आणि उजव्या अशा रंगांत मांडून ते दाखवते. या विषयासाठी घेऊ नका. त्याचा काटा अमेरिकी राजकारणाचा आहे आणि गुण पूर्ण प्रकाशनाला दिलेले असतात, त्या बातमीला नव्हे. अल जझीरा आणि हाआरेत्झ दोन्ही डावीकडे पडतात. त्या रंगपट्टीवरून गाझाबद्दल काहीच कळत नाही.

आकडा तपासायचा असेल तर मूळ तक्ता उघडावा. मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदत समन्वय कार्यालयाने तक्ता बदलला, आणि ‘संयुक्त राष्ट्रांनी मृत मुलांचा आकडा निम्म्यावर आणला’ अशी बातमी पसरली. आधीचा मुलांचा आकडा १४,५०० हून अधिक होता, नवा ७,७९७. बदल असा होता की नवा आकडा फक्त पूर्ण ओळख पटलेल्या २४,६८६ मृतांतला होता. ३४ हजारांच्या वरचा एकूण आकडा तसाच राहिला. पूर्ण ओळख पटलेल्या यादीतून वगळलेल्या दहा हजारांत मुले किती, हे तक्त्यात नव्हते. ‘निम्म्यावर आला’ म्हणणारे चुकले. पण जुना आकडा पक्का समजून त्याआधी छापणाऱ्यांनीही तो कुठून आला हे सांगितलेले नव्हते.

मथळा बदलला आहे अशी शंका आली तर बातमीचा पत्ता ‘वेबॅक मशीन’ या फुकटच्या संग्रहात टाकावा, तारखेवर बोट ठेवावे आणि तासातासाच्या प्रती उघडून बघाव्यात. फोटो आला तर गूगल लेन्सने उलटा शोध घ्यावा. सीरियातली जुनी चित्रे गाझाची म्हणून फिरतात. ७ ऑक्टोबरनंतर ‘४० अर्भकांचा शिरच्छेद’ हा दावा एका इस्रायली वाहिनीच्या थेट प्रक्षेपणातून निघून अमेरिकी अध्यक्षांच्या तोंडी गेला आणि व्हाइट हाउसला तो मागे घ्यावा लागला. त्या दिवशी सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले, हे पक्के आहे. त्याला खोट्या जोडाची गरज नव्हती, आणि त्या जोडामुळेच पुढे खऱ्यावरही शंका घेणाऱ्यांचे फावले.

ज्या घरांचे नातेवाईक किंवा ओळखीचे इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना, लोद इथे आहेत (कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची घरे या गावांत आहेत आणि तिथे अजून मराठी बोलली जाते), त्यांनी हल्ल्याच्या रात्री हिंदी वाहिनी बंद ठेवून टाइम्स ऑफ इस्रायलचे थेट वृत्त उघडावे. त्यावरची वेळ इस्रायलची दिसत असेल तर मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात अडीच तास मिळवायचे, उरलेल्या महिन्यांत साडेतीन.